अकराव्या ठोक्यानंतर

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. आमच्या लोकांनी तीन दिवस तुमच्या कानशी बनवायच्या कार्यशाळेत धुमाकूळ घालून जे काही टिपलं, ते कालपासून माझ्या टेबलावर येऊन पडलंय. सात तासांचं चित्रीकरण, आणि त्यातून सव्वीस मिनिटांची फिल्म काढायची आहे. तुम्ही घासायच्या एका कानशीला छिन्नीने जितके दात पाडता, तितक्या वेळा मला कात्री चालवावी लागणार.

कॅमेरावाल्याने तुमची तक्रार केली. म्हणाला, "तुझे मामा थांबा म्हटलं तरी थांबत नव्हते." मी म्हटलं, पन्नास वर्षं पोलादावर हातोडी मारल्यावर तुलाही ऐकू येणार नाही. तर म्हणतो, "अगं, खूण केली तरी थांबत नव्हते. हात दुखतोय हे दिसत होतं, तरी मारतच होते." मलाही ते पडद्यावर दिसलं. मधेच हातोडी वर राहते आणि हात जरासा थरथरतो. थंडीचे दिवस, तुमची खिडकी उत्तरेची, त्यात दिव्यांच्या वायरींसाठी आमच्या लोकांनी दार सताड उघडं ठेवलेलं. काळजी करू नका, मी आहे ना.

तुम्ही विचारलं होतंत, ही फिल्म तुम्हाला कधी दिसेल. मामा, तिथेच गोची आहे. आमची वाहिनी सरकारी पैशावर चालते आणि फक्त परदेशात दिसते. आपण किती छान आहोत हे बाहेरच्यांना सांगायचं, नऊ भाषांत, एकसष्ट देशांत. आपल्या देशात ती कोणालाच दिसत नाही. मी इथे अकरा वर्षं माहितीपट जोडतेय, पण माझ्या आईने माझं एकही काम पाहिलेलं नाही. तिला अजून वाटतं मी कुठेतरी टायपिंग करते.

आमच्या स्वागतकक्षात भिंतभर नकाशा आहे आणि जिथे वाहिनी दिसते तिथे बारीक दिवे लागतात. आपला देश मात्र अंधारात. पाहुणे येतात, त्यांना वाटतं बल्ब गेलाय.

एक विचारू? ताईला कळवू का? सहा वर्षं तुम्हा बापलेकींत बोलणं नाही हे मला माहीत आहे. पण ती परदेशात आहे, तिला दिसेल. तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

तुमची
चिंगी


१७ जानेवारी

चिंगे,

पत्र मिळालं. थंडी वगैरे काही नव्हती. तुझ्या लोकांचे दिवे इतके तापले होते की मला सदरा काढावासा वाटत होता, पण पाच माणसं बघत होती.

तुझी ताई राहते तो देश तुमच्या एकसष्टांत आहे का, ते आधी बघ. असला तर तिला दिवस आणि वेळ कळव. वेळ त्यांच्याकडची, आपल्याकडची नव्हे. बाकी एक अक्षरही लिहायचं नाही. मी कसा आहे, काय खातो, बारीक झालो की जाड झालो, काही नाही. माझी लेक आहे, तिला डोळे आहेत.

आणि जे आहे ते आहे तसंच ठेव. उगाच सजवू नकोस. तुला लहानपणापासून सवय आहे, शाळेतल्या चित्रात माझ्या डोक्यावर केस काढायचीस.

मला दाखवता येणार नाही म्हणजे काय? तोंड माझं, हात माझे, घर माझं, आणि मलाच दिसायचं नाही. तुझ्या साहेबांना विचार, मी आता परदेशात जाऊन स्वतःला बघून येऊ का?

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तुमचं "आहे तसंच ठेव" एका चिठ्ठीवर लिहून मी पडद्याच्या कडेला चिकटवलं होतं. जमेल तेवढं पाळलं. जे जमलं नाही त्याचा राग या पत्रात काढते, कारण दुसरं कोणी ऐकून घेत नाही.

आमच्याकडे फिल्म तयार झाली की तिच्यातला शब्द न् शब्द कागदावर उतरवून मजकूर समितीकडे द्यावा लागतो. समिती फिल्म बघत नाही, कागद वाचते. अध्यक्षांकडे टोक केलेल्या पाच पेन्सिली असतात, त्यांतली एक तुमच्या वाक्यावर मोडली. कानस ज्याच्यावर ठेवून ठोकता त्या शिशाच्या ठोकळ्यावर हात ठेवून तुम्ही शेवटी म्हणालात ना, "माझ्यानंतर हा ठोकळा कोणी वापरणार नाही," त्यावर.

अध्यक्ष म्हणाले, "हे फार हताश वाटतं."

मी म्हटलं, "साहेब, ते खरं आहे."

"असेल. पण आपण ते एकसष्ट देशांना कशाला सांगायचं?"

आमच्या मुख्य निर्मातीबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. अकरा वर्षांत त्यांनी इतक्या वेळा दाबलाय की त्या पायाची मला आता सवय झाली आहे.

आता त्या जागी तुमचे ओठ हलतात, तुमचा आवाज बारीक होतो आणि वरून दुसऱ्याच माणसाच्या भारदस्त आवाजात नऊ भाषांमध्ये ऐकू येतं, "पुढची पिढी तयार होते आहे." मी दोन दिवस नीट जेवले नाही, एवढी चिडले होते.

पण जिथे शब्द नाहीत तिथे मी माझ्या मनासारखं केलं. तुम्ही कानस ठोकताना मला सबंध सव्वा मिनिट मिळालं. संगीत नाही, निवेदन नाही, फक्त ठोके. हात जिथे जिथे अडखळला होता, ती प्रत्येक जागा मी काढून टाकली आणि ठोक्याला ठोका असा जोडला की सांधा शोधून सापडायचा नाही. शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. एकजण म्हणाला, हा माणूस सत्तरीचा वाटतच नाही. तुमचा हात विशीतल्या कारागिरासारखा चालतोय, मामा. आजवर केलेल्या कामातलं हे माझं सगळ्यांत चांगलं काम आहे.

४ मार्चला लागेल. ताईच्या घड्याळात संध्याकाळचे सात. तिला कळवलंय, आणि फक्त वेळच कळवली आहे.

तुमची
चिंगी


२४ मार्च

चिंगे,

तुझ्या ताईचं कार्ड आलं. सहा वर्षांनी. सगळं इथे उतरवतो, फार वेळ लागणार नाही.

"बाबा, फिल्म पाहिली. तुमचा हात अजून तसाच चालतोय. पुढची पिढीही तयार होते आहे म्हणे. बरं वाटलं. माझी काळजी मिटली."

संपलं. खाली सही.

ही पुढची पिढी कुठे असते ते तुझ्या समितीला विचार. भेटली तर माझ्याकडे पाठव, चहा पाजतो.

ती फिल्म मला बघायची आहे. काय करायचं ते कळव.

मामा


२ एप्रिल

मामा,

ताईचं कार्ड आलं हे वाचून मी ऑफिसात खुर्चीवरून उठले. तिने आपणहून लिहिलं, बरं वाटलं म्हणाली, आणि तुम्ही असं लिहिताय जणू घरी नोटीस आली आहे. मला खरंच कळत नाही. वाक्य बदललं त्याचा राग असेल तर तो मलाही आहे.

फिल्म बघण्याचं विचारून आले. त्यात माझा सबंध मंगळवार गेला. प्रत काढायची तर ती सरकारी मालमत्ता, म्हणून प्रेक्षक विभागाकडे अर्ज करावा लागतो. प्रेक्षक विभागाकडे गेले. तिथल्या बाईंनी अर्ज दिला. त्यात पहिलाच रकाना, "आपण कोणत्या देशात राहता?" मी आपल्या देशाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे चालणार नाही, यादीत नाही." मी म्हटलं, "अहो, ज्याच्यावर फिल्म आहे तो माणूस इथे राहतो." त्या म्हणाल्या, "मग तो प्रेक्षक नाही, तो विषय आहे. विषय विभाग वेगळा." विषय विभागात एक गृहस्थ बसतात. ते रजेवर आहेत. कधी येतील ते कोणाला माहीत नाही, कारण ते ज्याला माहीत असतं तोही रजेवर आहे.

मी प्रयत्न सोडलेला नाही. पण मामा, तुम्ही खूश का नाही ते सांगा. मी तुमचं वाईट काय केलं?

चिंगी


११ एप्रिल

चिंगे,

विचारलंस म्हणून सांगतो. एकदाच सांगणार.

सहा वर्षांपूर्वी तुझी ताई आली होती. तुझी मामी जाऊन तीन महिने झाले होते. म्हणाली, बाबा, हे बंद करा आणि माझ्याकडे चला. मी म्हटलं, हात चालतोय तोवर कोणाच्या दारात जाऊन बसणार नाही. ती म्हणाली, मी कोणी आहे का? मग शब्दाला शब्द लागला. मी काय काय बोललो ते लिहीत नाही, मला लाज वाटते. जाताना ती दारात उभी राहिली आणि मला ऐकू यावं म्हणून ओरडून म्हणाली, "हात थांबला की कळवा, त्या दिवशी येते. त्याआधी नाही." मला ऐकू आलं. समोरच्या सगळ्या घरांनाही आलं.

हात दीड वर्षापूर्वी थांबला.

म्हणजे पुरता नाही. अकरा ठोके नीट पडतात. मग बोटांतला जोर जातो, हातोडी वरच राहते आणि थरथर सुटते. थोडं थांबायचं, मग पुन्हा अकरा. कानशीवर अकरा दात सरळ आणि थांबून मारलेला बारावा वाकडा. ज्याला कानस कळते त्याला ती बोटानेच कळते. माझी जुनी गिऱ्हाइकं, ते वाद्यं बनवणारे दोघे भाऊ, त्यांनी बोट फिरवलं, एकमेकांकडे पाहिलं आणि घेऊन गेले. परत आले नाहीत. तेव्हापासून मी दार लावून काम करतो.

तिला कळवायला चार वेळा बसलो. "हात थांबला", दोन शब्द. पेन हातात घेतो आणि राग येतो. कोणाचा ते माहीत नाही. माझ्याच्याने ते लिहवत नाही, चिंगे. तेवढं एक लिहवत नाही.

मग तू कॅमेरा घेऊन येते म्हणालीस, आणि म्हणालीस की बाहेरच्या देशांत दिसेल. मला वाटलं, झालं. मला काही बोलायला नको, ती बघेल. तीन दिवस मी दार उघडं टाकून बसलो. तुझे पाच लोक, एवढे दिवे. ते थांबा म्हणत होते ते मला कळत होतं. मी मुद्दाम थांबलो नाही. दीड वर्ष ज्या हाताला लपवलं तो त्यांच्यासमोर धरून बसलो होतो, तिला दिसावा म्हणून.

आणि तू तो शिवून टाकलास. इतका छान शिवलास की तिची काळजी मिटली.

तू मायेने केलंस हे मला कळतं. म्हणून जास्त राग येतो. समितीवर रागावणं सोपं आहे.

मामा


२५ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र आल्याला आठ दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. आपल्या घराण्यात हा दोषच दिसतो.

मला माझीच चीड येते. सात तासांत तुम्ही एकच गोष्ट सांगत होतात, आणि सात तास ती बघून मी ती थंडीवर ढकलली. अकरा वर्षं मी हेच करतेय. कोणी बोलताना अडखळलं की ते काढायचं, कोणाचा आवाज चिरकला की काढायचं. गुळगुळीत करायचं. त्याचा पगार घेते आणि वर समितीला नावं ठेवते.

मी स्वस्थ बसले नाही. फिल्म जूनमध्ये पुन्हा लागणार आहे, आमच्याकडे प्रत्येक फिल्म तीन महिन्यांनी परत दाखवतात. तेव्हा बदल करू द्या म्हणून आमच्या निर्मातीबाईंकडे गेले. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. बदलाचं कारण, तिथे तीन चौकोन. तथ्यात चूक, देशाच्या प्रतिमेस बाधा, तांत्रिक दोष. मी तिन्हींच्या खाली पेनाने लिहिलं, "कारागिराचा हात थांबतो. फिल्ममध्ये तो थांबत नाही."

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. म्हणाल्या, "म्हणजे चांगला चालणारा हात तुला वाईट करून दाखवायचा आहे?"

मी म्हटलं, "तो वाईट नाही. तो तसा आहे."

"अगं, पण आत्ता छान दिसतोय. बाहेरून पत्रं आली आहेत. मी हे वर पाठवलं तर तुझी खुर्ची जाईल आणि माझीही. नको त्या भानगडीत पडू नकोस."

अर्ज माझ्यासमोर फाडला. खरं सांगायचं तर माझ्या भल्यासाठीच फाडला.

परवा मी ताईचा नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवला, कारण तुम्ही एक अक्षर लिहायचं नाही म्हणाला होतात. आता परवानगी द्या. एका वाक्यात सांगते आणि फोन ठेवते.

चिंगी


३ मे

चिंगे,

परवानगी नाही.

तू सांगितलंस तर ती तुझ्या सांगण्यावरून येईल. बॅग ठेवेल, माझ्याकडे बघेल आणि तिच्या डोळ्यांत दिसेल की हिला कोणीतरी सांगितलंय. ते मला नको. तिने पाहून यावं, किंवा येऊ नये.

तू नोकरी सांभाळ. माझ्यापायी खुर्ची घालवू नकोस, तुझ्या आईला काय तोंड दाखवू?

मी हत्यारांना तेल लावून ठेवलंय. छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या. पायाखाली कानस दाबून धरायचा तो चामड्याचा पट्टा तेवढा तसाच आहे, कशात गुंडाळावा कळत नाही. शिसं वितळवून घेणारा एकजण ठोकळा न्यायला जूनअखेर येणार आहे. दोन माणसं लागतील म्हणाला. मी म्हटलं, आणताना मी एकट्याने आणला होता.

मामा


६ जून

मामा,

रागावू नका, मी ताईला काही सांगितलेलं नाही. फक्त पुन्हा लागणार त्याची वेळ कळवली, तेवढ्याची तुमची परवानगी आधीचीच होती.

आता मी काय केलं ते ऐका. पुन्हा दाखवायच्या आधी फिल्म तांत्रिक तपासणीसाठी माझ्याकडे येते. आवाज कमीजास्त झालाय का, रंग उडालाय का, एवढंच बघायचं. शब्दाला हात लावायचा नाही आणि लांबी एका सेकंदाने बदलायची नाही. मी समितीने शिक्का मारलेला मजकूर काढून बसले. बाराव्या पानावर तुमच्या ठोक्यांचा प्रसंग आहे. तिथे लिहिलंय, "कारागीर काम करताना. हातोडीचा नैसर्गिक आवाज. निवेदन नाही." बस. हातोडी किती वेळा पडते, मधे किती वेळ थांबते, याबद्दल अवाक्षर नाही. मामा, आमच्याकडे माणसाने काय बोलावं याचे नियम सत्तावीस पानांचे आहेत. गप्प किती राहावं याचा एकही नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि मी दार लावून घेतलं. काढून टाकलेल्या सगळ्या जागा माझ्याकडे होत्या, मी काही फेकत नाही. एकेक परत बसवली. अकरा ठोके, मग तुमचा वर राहिलेला हात. पुन्हा अकरा. छत्तीस सेकंद वाढले. ते भरून काढायला तुमच्या गावाचं उंचावरून घेतलेलं दृश्य गेलं, ते बाईंचं लाडकं होतं. त्यावरचं निवेदन मी तुमच्या दाराच्या दृश्यावर सरकवलं. शब्द तेच, लांबी तीच. सव्वीस मिनिटं शून्य सेकंद.

शेवटच्या खोट्या वाक्याला हात लावता आला नाही. ते अजून तिथेच आहे, नऊ भाषांत. ते ऐकताना मी पुन्हा चिडले.

काल रात्री आठला तिकडे लागली. ताईने पाहिली की नाही, माहीत नाही. मला काहीच माहीत नाही. मी रोज सकाळी येते, नकाशावर तिच्या देशाचा दिवा लागलाय एवढं बघते आणि वर जाते.

ठोकळा देऊ नका, एवढं ऐका.

चिंगी


१४ जून

चिंगे,

तुझं वेळेचं पत्र इथे परदेशात आलं तेव्हा मी म्हटलं, एकदा बघितलंय, परत काय बघायचं. तरी लावली. कपड्यांच्या घड्या घालत होते, पडद्याकडे पाठ होती.

तुला माहीत नसेल, मी पाढे बाबांच्या ठोक्यांवर पाठ केले. ते ठोकायचे आणि मी दाराआड बसून एका ठोक्याला एक आकडा म्हणायची. ते कधी चुकायचे नाहीत, म्हणून मीही नाही. अजून दुकानात मोजून काही घ्यायचं असलं की मनात तोच ठोका असतो. तर घड्या घालता घालता मी मोजायला लागले. मला कळलंही नाही मी मोजतेय ते. अकरा झाले आणि बारावा आलाच नाही.

हातात उशीचा अभ्रा होता. तो धरून मी बाराव्या ठोक्याची वाट बघत उभी राहिले. मग वळून पाहिलं. त्यांचा हात वर होता, चिंगे, आणि थरथरत होता. आणि ते कॅमेऱ्याकडे बघत होते. बाबा कधी कोणाकडे बघून काम करत नाहीत.

मार्चमध्ये हे नव्हतं. मी इतकीही वेंधळी नाही. ते तूच काढलं होतंस आणि तूच परत घातलंस, हो ना? मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे, ते समोर आल्यावर बोलू. तुझ्यामुळे मी तीन महिने सुखाने झोपले, आणि आता त्या झोपेचीही चीड येते. त्याहून जास्त त्या म्हाताऱ्यावर रागावले आहे. दोन शब्द लिहायचे होते.

आणि स्वतःवरही. दारात उभं राहून काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले होते. त्यांनी ते अटीसारखं पाळलं. त्या माणसाला मी एवढं ओळखत नव्हते का?

२८ तारखेचं तिकीट मिळालंय. त्यांना कळवू नकोस.

ताई


२० जुलै

चिंगे,

तुझं पत्र आणि सोबतची नोटिशीची नक्कल मिळाली. "हातोडीच्या ध्वनीत अनावश्यक खंड आढळला, खुलासा करावा." वाचून तुझी ताई इतकी हसली की मला ऐकू आलं. त्यांनी तुला संकलनावरून काढून जुन्या फितींच्या खोलीत बसवलं, त्याचं मला वाईट वाटतं. तू लिहितेस तिथे खिडकी आहे. बरं आहे. खुलाशात लिही, खंड आवश्यक होता, आणि हवं तर माझी सही घे.

ती २९ तारखेला दुपारी आली. ठोकळ्यासाठी माणसं येणार होती, म्हणून मी दार उघडलं आणि तीच उभी. मी म्हटलं, तू कशी? ती म्हणाली, "अकरा झाले, बारावा आला नाही." मला वाटलं कमी ऐकू येतंय म्हणून चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. तिने बॅग ठेवली, माझा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि थरथर थांबेपर्यंत सोडला नाही. मग भांडली. दोन तास. सहा वर्षांचं साचलेलं होतं. मी मधे बोललो नाही, तिला वाटलं ऐकू येत नाही. सगळं ऐकू येत होतं.

एक गंमत सांगतो. ती म्हणते, तुमच्या ठोक्यांत खंड पडतो तो भिंतीपलीकडेही कळेल. मी म्हटलं, मला कधीच ऐकू आला नाही. मला फक्त हात वर राहिलेला दिसायचा. म्हणजे दीड वर्ष दार लावून मी जे लपवत होतो, ते सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. समोरचीला विचारलं, तर म्हणाली, हो, आम्ही वाट बघायचो पुढच्या ठोक्याची.

ती सप्टेंबरपर्यंत आहे. मग मला घेऊन जायचं म्हणते. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही, ते तिला पुरेसं वाटतं. शिसंवाले आले होते, तिने चहा देऊन परत पाठवले. छिन्न्या फडक्यातून तिनेच काढल्या.

आता असं चालतं. छिन्नी मी धरतो, डावा हात अजून ठीक आहे. हातोडी ती मारते. पट्ट्यात पाय तिचाच, माझा चाळीस वर्षांचा ठसा आहे त्यात, तिला तो मोठा होतो. पहिल्या दिवशी तिने दोन कानशी फुकट घालवल्या आणि माझ्या अंगठ्यावर एक ठोका घातला. काल एका कानशीला ओळीने तेरा दात सरळ पडले. चौदावा कुठे गेला ते आम्ही अजून शोधतोय.

तेव्हा तुझ्या त्या पेन्सिलवाल्या अध्यक्षांना माझं एवढं कळव. म्हणावं, पुढची पिढी तयार होते आहे. पंचेचाळीस वर्षांची आहे, फार वाईट तयार होते आहे, आणि कोणाचं ऐकत नाही.

मामा